झुडपं कापत जाणारी गोळी

हा दावा इतका फिरलाय की तुमच्यापर्यंतही पोचला असेल. माझ्याकडे तो भाच्याने पाठवला, खाली एक ओळ लिहून: "मामा, तू पेनसिल्व्हेनियात राहतोस, हे खरं का रे?" दावा असा:

"अमेरिकेतल्या जंगलात हरणाच्या शिकारीची परंपरागत बंदूक म्हणजे लिव्हर-ॲक्शन रायफल. पश्चिम जिंकणाऱ्या काउबॉयनी ती शिकाऱ्यांच्या हातात दिली. त्या काळी बोल्ट-ॲक्शन आल्याच नव्हत्या. लिव्हर भराभर चालते, पळत्या हरणावर चार बार काढता येतात. तिची जड, संथ, बोथट गोळी झुडपं कापत सरळ सावजापर्यंत जाते, टोकदार वेगवान गोळी मात्र काडीला लागली तरी भरकटते. लांबचं तिला जमत नाही म्हणून ती जंगलात राहिली. आज ती टिकली आहे ती आजोबांच्या आठवणीपोटी."

निखळ थाप असती तर सोडून दिली असती. पण इथे जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याची चिमूट आहे, आणि त्या चिमटीमुळेच बाकीचं पचून जातं. मी स्वतः शिकारी नाही. पण वीसेक वर्षं अशा गावात राहतोय जिथे हरणाच्या हंगामाचा पहिला दिवस म्हणजे आपल्याकडचा पोळा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असायची. २०१९ साली सरकारने तो दिवस शनिवारवर आणला, त्यावर इथल्या म्हाताऱ्यांची कुरकुर अजून संपलेली नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर मी तीन-चार हंगाम नुसता हिंडलो आहे. बरंचसं ज्ञान त्यांच्याकडचं.

ही बंदूक कशी असते ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी कुणी हाताळलेली नाही. आपल्याकडे लायसनवर मिळणारी रायफल म्हणजे बहुधा .३१५ची बोल्टवाली (कडेची मूठ उचलून मागेपुढे सरकवत भरायची), आणि १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. लिव्हर-ॲक्शनमध्ये चापाभोवतीची कडी खाली वाढवून तिची तरफ केलेली असते. बोटं कडीत घालून ती खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि मागचा घोडा चढतो. कडी वर ओढली की नवं काडतूस नळीत बसतं. काडतुसांचा साठा नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखा. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता काउबॉय. विंचेस्टर कंपनी कनेटिकटमधल्या न्यू हेवनची. तिचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर आधी शर्टांचा कारखानदार होता. मार्लिनही न्यू हेवनचीच. सॅव्हेज कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाची, ॲडिरॉन्डॅकचं जंगल तिच्या उशालाच. म्हणजे ही बंदूक पूर्वेत जन्मली, पूर्वेतून पश्चिमेला गेली, आणि पूर्वेतल्या शिकाऱ्याला ती मिळायला काउबॉयची गरज नव्हती. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि कंदिलांशेजारी ती टांगलेली असे.

काळाचा हिशेबही जुळत नाही. काउबॉयची म्हणून जी प्रसिद्ध, ती १८७३ची विंचेस्टर .४४-४० काडतूस झाडायची: काळ्या दारूवर चालणारी, साधारण १३ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास. काडतूस जवळपास पिस्तुलाचं, आणि तेच काडतूस घेणारी रिव्हॉल्व्हरही विकली जात होती. हरणाच्या शिकारीची म्हणून जी परंपरा सांगतात ती या बंदुकीची नव्हेच. ती विंचेस्टरच्या १८९४च्या मॉडेलची आहे, जॉन ब्राउनिंगने आखलेल्या; तिला नुसतं ९४ म्हणतात. आणि अमेरिकेच्या जनगणनेने पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्तीची सरहद्द म्हणून वेगळी रेषा आता उरली नाही असं जाहीर केलं ते १८९०च्या आकडेवारीवरून. वेस्ट संपल्यावर आलेल्या बंदुकीने वेस्ट कसं जिंकायचं? "पश्चिम जिंकणारी बंदूक" ही घोषणा तर कंपनीच्या जाहिरातवाल्यांची, बऱ्याच नंतरची. खुद्द पश्चिमेत अमेरिकी घोडदळ एकेक काडतूस भरायची स्प्रिंगफील्ड वापरत होतं. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत हेन्री (विंचेस्टरची पूर्वज) आणि विंचेस्टर कडाडल्या त्या अमेरिकी घोडदळाच्या कस्टरच्या विरुद्ध बाजूने, लकोटा आणि शायेन योद्ध्यांच्या हातांतून. बायसनांच्या कत्तलीला व्यावसायिक शिकारी शार्प्ससारख्या एकबारी बंदुका घ्यायचे, कारण एवढं लांब काडतूस तेव्हाच्या लिव्हरमध्ये मावत नव्हतं.

सिनेमाचं काय सांगावं? १८७०च्या दशकातल्या गोष्टी आणि हातात १८९२चं मॉडेल, हे वेस्टर्न सिनेमात सर्रास चालतं. पेशव्यांच्या दरबारात कुणाच्या मनगटावर घड्याळ दिसावं तसं. ती बंदूक स्टुडिओंकडे ढिगाने पडलेली होती, एवढंच त्याचं कारण.

"बोल्ट-ॲक्शन आल्याच नव्हत्या" हे सरळ चूक आहे. खुद्द विंचेस्टर १८७९ पासून हॉचकिसची बोल्टवाली रायफल बनवत होती. अमेरिकी सैन्याने १८९२ साली क्रॅग ही बोल्ट-ॲक्शन स्वीकारली, मग १९०३ची स्प्रिंगफील्ड आली. पहिल्या महायुद्धात लाखो पोरं बोल्ट चालवायला शिकून घरी परतली. तरी त्यातल्या पुष्कळांनी नोव्हेंबर आला की माळ्यावरून लिव्हरच काढली. का, ते पुढे सांगतो. इथे फक्त दोन मापं देऊन ठेवतो: १९०३ची स्प्रिंगफील्ड सुमारे ३.९ किलो आणि ४३ इंच लांब. ९४ची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची, सुमारे ३ किलो आणि ३८ इंच.

वेगाचा मुद्दा तुलनेने बरा. खांद्यावरून न उतरवता, नेमावरचा डोळा फारसा न हलवता लिव्हर फिरवता येते, बोल्टपेक्षा हे सोपं. पण वेगासाठीच निवड झाली असती तर लिव्हर १९१०च्या आत अडगळीत गेली असती. त्याच ब्राउनिंगने आखलेली, आपोआप भरणारी रेमिंग्टनची रायफल १९०६ पासून बाजारात होती, चाप ओढत राहा आणि बार काढत राहा. विंचेस्टरचीही तशी होती. दोन्ही खपल्या, पण परंपरा म्हणवण्याइतक्या नाहीत. जड होत्या, महाग होत्या. पेनसिल्व्हेनियात तर हरणाच्या शिकारीला अशी आपोआप भरणारी बंदूक आजही कायद्याने चालत नाही, त्यामुळे इथे लिव्हर आणि पंप (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून भरायची) यांनाच मोकळं रान मिळालं. हे कारण दाव्यात कुठेच नाही, आणि ते खरं आहे!

शिवाय पळत्या हरणावर चार बार काढणाऱ्याला इथे कुणी शिकारी म्हणत नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले होते, "पहिला बार हरणासाठी, बाकीचे तुझ्या अब्रूसाठी." लिव्हरचा खरा उपयोग दुसऱ्या बाराला होतो. जखमी जनावर झाडीत नाहीसं व्हायच्या आत.

आता त्या प्रसिद्ध गोळीकडे येऊ. इथे थोडं थांबणार आहे, कारण सगळ्या दाव्यात हेच वाक्य जास्त चिवट आणि जास्त घातक आहे.

गोळी सरळ जाते ती तिच्या फिरकीमुळे. नळीत आतून पिळाचे आटे असतात. थर्टी-थर्टीच्या, म्हणजे ९४च्या .३०-३० या काडतुसाच्या, विंचेस्टर नळीत १२ इंचांना एक फेरा. ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फुटांनी सुटते. १२ इंच म्हणजे एक फूट, तेव्हा सेकंदाला २,२०० फेरे, मिनिटाला १,३२,०००. ही "संथ" गोळी! भोवरा जसा फिरकीच्या जोरावर उभा राहतो तशी ती नाक पुढे धरून उभी असते. फिरत्या भोवऱ्याला बोट लावून पाहा. तो लगेच पडत नाही, पण डोलायला लागतो आणि जागा सोडतो. फांदी म्हणजे ते बोट. नाकाला एका बाजूने धक्का बसला की गोळी तिरपी होते, तिरपी झाली की हवेचा दाब एका अंगावर जास्त येतो, आणि ती वाट सोडते. वजन जास्त असेल तर सोडण्याचं प्रमाण थोडं कमी असू शकतं, लांब गोळीचंही तसंच. पण "थोडं कमी" आणि "कापत सरळ जाते" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लाकडी काठ्यांची रांग लावून मागे कागद टांगण्याचा प्रयोग अमेरिकेत हौशी मंडळींनी कितीतरी वेळा केलाय. हलक्या, जड, टोकदार, बोथट, सगळ्या भरकटतात. एकाच गोळीचे दोन बार दोन दिशांना जातात. भरवसा ठेवावा अशी एकही निघालेली नाही.

किती भरकटतात हा प्रश्न मोजपट्टीने सुटतो. समजा फांदीने गोळी एका अंशाने वळवली. हरीण फांदीच्या मागे लागूनच, एका मीटरवर उभं असेल तर फरक पावणेदोन सेंटिमीटर, कळणारही नाही. हरीण फांदीपासून वीस मीटर मागे असेल तर तोच एक अंश ३५ सेंटिमीटर होतो. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरची ताटली. गोळी पोटात जाते, किंवा पायात, किंवा कुठेच नाही. म्हणजे फांदी कुठे आहे यावर सगळं ठरतं, बंदूक लिव्हरची की बोल्टची यावर नाही.

मग समजूत आली कुठून? दाट झाडीत बार जवळचा असतो, फांद्याही हरणाच्या आसपासच्याच असतात, म्हणून पुष्कळदा गोळी फांदी तोडूनही लागते. शिकारी जातो, कापलेली डहाळी बघतो, पुढे पडलेलं हरीण बघतो आणि घरी येऊन सांगतो. ज्या दिवशी गोळी फांदीला लागून भरकटली त्या दिवशी तो डहाळी शोधत नाही, "नेम चुकला" म्हणतो. नवस फेडायला आलेलेच देवळात भेटतात, तसं हे.

आणि गोळी बोथट का? झुडपांसाठी नव्हे. ते आगगाडीचे डबे आठवा. नळीत एका काडतुसाच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं, आणि बुडाच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी. टोकदार गोळी असेल तर बाराच्या धक्क्याने ते टोक टोपीवर आपटून साठाच हातात फुटायचा. म्हणून नाक चपटं किंवा गोल केलं. गुण म्हणून मिरवलेली गोष्ट मुळात सुरक्षेची सक्ती होती. २००६ साली हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाची गोळी आणली ती नेमकी या अडचणीवर.

सॅव्हेजची ९९ ही बंदूक तर या मुद्द्याला उभी चिरते. तीही लिव्हर-ॲक्शनच, १८९९ची, पण साठा फिरत्या चक्रात, त्यामुळे टोकदार गोळी खुशाल चालते. १९१५ साली तिच्यासाठी .२५०-३००० काडतूस आलं: साडेपाच ग्रॅमची चिमुकली गोळी, सेकंदाला ३,००० फूट अशी जाहिरात. हलकी, वेगवान, म्हणजे दाव्यानुसार झाडीत अगदी निकामी. आणि ही बंदूक ईशान्येतल्या त्याच जंगलांत त्याच हरणांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आजही जुने लोक तिच्यासाठी जीव टाकतात.

हे वाक्य घातक म्हणालो ते एवढ्यासाठी की त्यावर विश्वास ठेवून माणूस झुडपाआडच्या हरणावर चाप ओढतो. पलीकडे काय आहे हे नीट न दिसता.

लांबच्या पल्ल्याबद्दल थोडक्यात. थर्टी-थर्टीने दीडशे यार्डांपर्यंत, सराव असेल तर त्यापुढेही, हरीण नीट पडतं. अडचण काडतुसापेक्षा डोळ्याची होती. त्या काळचे नेम उघडे, दुर्बिणी महागड्या आणि पावसात धुरकटणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्बिणी सुधारल्या तेव्हा ९४ मागे पडली, कारण तिचं रिकामं काडतूस सरळ वर उडायचं आणि वर दुर्बीण बसवायला जागाच राहायची नाही. मार्लिनचं काडतूस बाजूने उडायचं, १८८९ पासूनच, म्हणून १९४८ला आलेल्या मार्लिन ३३६वर लोकांनी आरामात दुर्बिणी चढवल्या. म्हणजे दोष असलाच तर एका मॉडेलचा, सगळ्या जातीचा नाही. आणि पश्चिमेतल्या उघड्या मुलखातही हजारो लोक ९४ खोगिराला लावून हिंडतच होते. तिला जंगलात कुणी तडीपार केलं नव्हतं.

मग जंगलाशी तिची एवढी गट्टी का जमली? मला जे दिसतं ते असं: शिकारी दिवसभर बंदूक झाडत नाही, तो ती वागवतो. दहा तासांची पायपीट आणि एक बार, तोही मिळाला तर. दाव्यातलं वाक्यन्‌वाक्य त्या एका क्षणाबद्दल आहे, उरलेल्या दहा तासांबद्दल एकही नाही.

९४चं पोट चपटं आणि अरुंद. बोल्टची बाहेर आलेली मूठ नाही, खाली लोंबणारी पेटी नाही. तोल नेमका त्या चपट्या पोटाशी, त्यामुळे एका हाताने तिथे मूठ आवळली की बंदूक काठीसारखी आडवी लटकते आणि दुसरा हात फांद्या बाजूला करायला मोकळा. वेलीत अडकत नाही. आखूड असल्याने झाडांमधून वळवता येते. घोडा बाहेर आणि अर्ध्यावर चढवून ठेवायची सोय, म्हणजे हातमोज्यातल्या अंगठ्यालाही कळतं बंदूक कोणत्या स्थितीत आहे. डावखुऱ्यालाही तितकीच सोयीची. शेजारच्या गृहस्थांची बंदूक त्यांच्या वडिलांची. तिच्या पोटावरचा निळा-काळा रंग जिथे मूठ बसते तिथे पार उडून पांढरं पोलाद दिसतं. नळीचा आतला भाग मात्र आरशासारखा. सत्तर वर्षांत ती किती वाहिली आणि किती झाडली, हे त्यावरून वाचता येतं.

याला वेळेची साथ मिळाली. १८९५ साली थर्टी-थर्टी आलं, बिनधुराच्या दारूवरचं, आणि त्यासाठी ९४ला निकेल-पोलादाची नवी नळी. आधीच्या काळ्या दारूच्या काडतुसांपुढे वेग किती तरी वाढला आणि बाराचा धक्का सोसवेल इतका राहिला. पन्नास ते शंभर किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ते पुरेसं होतं. आपल्या सांबराच्या मापाने पाहिलं तर हे हरीण लहानखुरंच. दुसरीकडे १९००च्या सुमारास देशभरात ही हरणं जेमतेम पाच लाख किंवा त्याहून कमी उरली होती. बाजारासाठीच्या शिकारीवर कायदे आले, पेनसिल्व्हेनियाने १९०६ साली मिशिगनमधून हरणं आणून सोडली आणि १९०७ला फक्त नर मारायची अट घातली. त्याच वेळी लाकूडतोड्यांनी साफ केलेल्या डोंगरांवर नवी झाडी उगवत होती: कमरेएवढी, दाट, कोवळ्या पाल्याची. हरणाला खायला मेजवानी आणि माणसाला पन्नास पावलांपुढचं दिसेना. आज देशात ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. जंगल दाट झालं, हरणं परतली, आणि खाणीतल्या नाहीतर गिरणीतल्या कामगाराला परवडणारी एक हलकी बंदूक दुकानात तयार होती. कॅटलॉगमधून टपालानेही घरी यायची. दहा लाखावी ९४ कंपनीने १९२७ साली अध्यक्ष कूलिज यांना भेट दिली. एकूण सत्तर लाखांहून जास्त बनल्या. एवढ्या बनल्यावर जुनी बंदूक स्वस्तात मिळणारच, आणि नातवाची पहिली बंदूक तीच होणार.

जाता जाता: "जगात सगळ्यात जास्त हरणं थर्टी-थर्टीने मारली" हेही याच दाव्याला चिकटून फिरतं. असा हिशेब कुणी ठेवलेलाच नाही. कुठल्या चावडीवर नोंद करायची?

राहिलं शेवटचं वाक्य, आठवणीपोटी टिकण्याचं. अर्धं मान्य. विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखाना २००६ साली बंद पडला तेव्हा इथे माणसं सुतकात असल्यासारखी बोलत होती, आणि आजोबांची बंदूक घेऊन पहिल्या दिवशी रानात जाणं हे निव्वळ उपयोगाचं काम नव्हे हे कुणालाही दिसतं. पण नुसत्या आठवणीवर कारखाने नवी काडतुसं काढत नाहीत. ओहायोने २०१४ साली हरणाच्या शिकारीला सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल मान्य केली. बाटलीसारखा गळा नसलेली ही काडतुसं सपाट, वस्तीच्या मुलखात कमी लांब जातात म्हणून. १८७३ साली जन्मलेलं .४५-७० त्या नियमात आपोआप बसलं, आणि ते झाडणाऱ्या लिव्हर-रायफलींना पुन्हा गिऱ्हाईक आलं. २०२३ साली रेमिंग्टनने .३६० बकहॅमर आणलं, थर्टी-थर्टीचाच गळा सरळ करून, मुद्दाम लिव्हर-ॲक्शनसाठी. भाच्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे झुडपं कापत नाही?" नाही रे बाबा.